ईमेलांतील शिवी आणि तिचें उत्तर

समजा, दोन सख्खे भाऊ आहेत. थोरला पुण्यास आईला घेऊन राहतो. धाकटा वीस वर्षें न्यू जर्सींत नोकरी करीत आहे. आई न्हाणीघरांत पडते आणि तिच्या खुब्याचें हाड मोडतें. शस्त्रक्रिया होते, रात्रीची एक व दिवसाची एक अशा दोन बाया ठेवाव्या लागतात, आणि त्या गडबडींत थोरला भाऊ आईच्या नांवची एक ठेव मुदतीपूर्वींच मोडतो. धाकट्याला हें महिन्यानें कळतें, आणि तेंहि तिसऱ्याच नातेवाइकाच्या तोंडून. त्या रात्रीं तो एक लांबलचक ईमेल लिहितो. पहिले दोन परिच्छेद हिशेबाचे असतात. तिसऱ्यांत बँकेच्या कारभाराला उद्देशून एक इंग्रजी शिवी येते. चौथ्यांत, रोमन लिपींत लिहिलेली, एक अस्सल मराठी शिवी येते, आणि ती 'दादा' या शब्दाला लागूनच येते. पुण्यास सकाळ झालेली असते. थोरला भाऊ चहाचा पेला हातांत घेऊन तो ईमेल उघडतो.

आतां त्याच्यापुढें सहसा चार वाटा असतात. एक, त्याच भाषेंत उत्तर लिहावयाचें. दुसरी, मौन धरावयाचें, आणि तें महिनोन्महिने. तिसरी, तो ईमेल जसाच्या तसा बहिणीला, मामाला, चुलतभावाला पुढें पाठवून द्यावयाचा. चौथी, आईलाच वाचून दाखवावयाचा. बहुतेक घरांत या चोहोंपैकीं एक वाट धरली जाते, आणि कोणतीहि धरली तरी शेवट पुष्कळदां सारखाच होतो. ठेव बाजूस राहते, आईचें हाड बाजूस राहतें, आणि पुढचीं दहा वर्षें घराण्यांत त्या एका शब्दाची चर्चा चालते.

क्षेमकुशलासाठीं आणि छायाचित्रांसाठीं आतां घरोघर व्हॉट्सॲप आलें आहे. परंतु मालमत्ता, आजारपण, वांटणी, लग्नाला नकार, मैत्रींतील जुनें शल्य, असल्या जड विषयांसाठीं पुष्कळ माणसें अजूनहि ईमेलच लिहितात. कारण तेथें विस्तारानें लिहितां येतें. त्यामुळें खासगी ईमेलांतील शिवी ही बहुधा एखाद्या जड विषयाच्या शेजारींच बसलेली आढळते. तिला उत्तर काय द्यावें हा प्रश्न म्हणूनच केवळ शिष्टाचाराचा राहत नाहीं. त्यावर पुष्कळदां नातें टिकणें न टिकणें अवलंबून असतें.

पूर्वींच्या मराठी पत्रांतून राग इतक्या चटकन् बाहेर पडत नसे. त्या काळचीं माणसें आजच्याहून सात्त्विक होतीं असें मात्र कोणी समजूं नये. खरें कारण पत्राच्या मांडणींत होतें. वडिलांवर कितीहि संताप असला तरी मुलाला आरंभीं 'तीर्थरूप' लिहावें लागे, स्वतःला 'बालक' म्हणवून घ्यावें लागे, साष्टांग नमस्कार घालावा लागे, आणि 'विनंति विशेष' झाल्यावांचून मुद्द्याला हात घालतां येत नसे. इतक्या वेळां वांकल्यावर उगारलेली काठी थोडी तरी खालीं येई. वडिलांनाहि मुलाला नालायक ठरवावयाचें झालें तर अगोदर 'चिरंजीव' लिहून अनेक आशीर्वाद द्यावे लागत. त्यानंतर टीपकागद, पाकीट, तिकीट आणि पेटीपर्यंतची चाल. त्या वाटेवर किती पत्रें फाटलीं असतील त्याची मोजदाद कोणीं ठेविलेली नाहीं. शिवाय १ जुलै १८७९ रोजीं हिंदुस्थानांत पाव आण्याचें पोस्टकार्ड सुरू झालें, आणि साध्या घरांतला बराचसा पत्रव्यवहार उघड्या कार्डावर होऊं लागला. तें कार्ड टपालवाला वाचूं शके, शेजारी वाचूं शके, दाराशीं आलेला पाहुणाहि वाचूं शके. कार्डावर शिवी लिहिणें म्हणजे ती चौकांत उभें राहून देण्यासारखेंच होतें.

ईमेलानें हे सारे अडथळे एकदम दूर केले. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्यानें १९७१ सालीं एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे जाळ्यांतून असा निरोप प्रथम धाडला, आणि माणसाचें नांव व त्याचा संगणक यांच्यामध्यें तें वेटोळें घातलेलें 'ॲट'चें चिन्ह बसविलें. भारतांत सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून. पुढल्याच वर्षींच्या जुलैंत साबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनीं हॉटमेल काढलें आणि जगभर फुकट टपाल सुरू झालें. परदेशचा फोन त्या काळीं मिनिटांच्या हिशेबानें फार महाग पडे. मुलगा अमेरिकेंत किंवा इंग्लंडांत असलेल्या मराठी आईबापांना हें नवें टपाल वरदानासारखेंच वाटलें असल्यास नवल नाहीं, आणि तें वरदान होतेंहि. मात्र त्यांत एक विलक्षण संकर झाला. बोलण्याचा वेग आणि लेखाचें टिकाऊपण हे दोन गुण एकाच वस्तूंत आले. तोंडानें दिलेली शिवी हवेंत विरते, निदान ती देणाराला 'मी तसें म्हणालोंच नाहीं' असें म्हणावयास जागा राहते. ईमेलांतील शिवी बोलण्याइतक्याच सहज सुटते आणि ताम्रपटासारखी राहून जाते.

या संकरांत एक गोष्ट मात्र हरवली, ती म्हणजे आवाज. ध्वनिक्षेपकापुढें बसून बोलणाऱ्या माणसाचें तोंड श्रोत्यांना दिसत नाहीं, तरी तो थट्टा करतो आहे कीं रागावला आहे हें त्याच्या स्वरावरून बहुतेकांना समजतें. लिहिलेल्या शब्दाला तेवढाहि आधार नसतो; आणि लिहिणाराला तो नसल्याची जाणीव नसते, ही खरी अडचण. २००५ सालीं जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली व त्यांचे सहकारी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं वाक्यें मनापासून व कांहीं उपरोधानें, अशीं एकमेकांस कळवावयास त्यांनीं विद्यार्थ्यांना सांगितलें. कांहींनीं तीं आवाजानें कळविलीं, कांहींनीं ईमेलानें. शेंकडा सुमारें ७८ वेळां आपला भाव बरोबर ओळखला जाईल अशी पाठविणारांची अपेक्षा होती. आवाज ऐकणारांनीं तो शेंकडा सुमारें ७३ वेळां ओळखला. ईमेल वाचणारांनीं ओळखला तो अवघा ५६ वेळां, म्हणजे नाणें उडवून ठरविलें असतें तर जें साधलें असतें त्याहून फार अधिक नव्हे. लिहिणाराच्या कानांत त्याचा स्वतःचा सूर वाजत असतो. वाचणाराला नुसतीं अक्षरें मिळतात. मग तो त्या अक्षरांना आपल्या मनांतला सूर लावतो, आणि सकाळीं सहा वाजतां, आजाऱ्याच्या उशाशीं रात्र काढलेल्या माणसाच्या मनांतला सूर फारसा उदार नसतो.

शिवी ही भाषेची वस्तु असली तरी तिचें घर इतर शब्दांच्या घरापासून थोडें वेगळें आहे. अर्धांगवायूच्या झटक्यानें ज्यांची वाचा गेली अशा कांहीं रोग्यांना स्वतःचें म्हणणें एका वाक्यांतहि सांगतां येत नाहीं, पण त्यांच्या तोंडून शिवी मात्र अखंड व स्पष्ट निघते, ही गोष्ट लंडन येथील विख्यात वैद्य जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनीं एकोणिसाव्या शतकांतच टिपून ठेविली होती. विचारानें जुळविलेली भाषा आणि आपोआप उसळणारी भाषा या दोहोंत त्यांनीं भेद केला. अलीकडे, २००९ सालीं, इंग्लंडांतील कील विद्यापीठांत रिचर्ड स्टीफन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विद्यार्थ्यांना बर्फासारख्या गार पाण्यांत हात बुडवून धरावयास सांगितलें. एकदां शिवी उच्चारीत आणि एकदां साधा शब्द उच्चारीत. शिवी देत असतां त्यांनीं हात अधिक वेळ पाण्यांत ठेविला. दोन वर्षांनीं त्याच विद्यापीठांत असें आढळलें कीं, ज्यांच्या तोंडीं शिवी दिवसभर असते त्यांना हा लाभ कमी होतो. औषधाचेंच पाहावें, रोज घेणाराला त्याचा गुण येईनासा होतो.

तेव्हां शिवीच्या मागें पुष्कळदां एक कळ असते, हें वाचणारानें ध्यानांत ठेवावें. न्यू जर्सींतल्या भावाला हजारों मैलांवरून आईला हात देतां आला नव्हता, ही त्याची कळ. मात्र टंकून लिहिलेल्या शिवीला हा बचाव पुरता लागू पडत नाहीं. ती बोटांनीं अक्षर अक्षर जुळवावी लागते, डोळ्यांसमोर उभी राहते, आणि तरीहि माणूस 'पाठवा'चें बटण दाबतो. दुखण्यानें ती शिवी सुचली असेल. पाठविली ती त्या माणसानें.

उत्तर लिहिण्यापूर्वीं काय पाहावें? येथें शाळेंतलें व्याकरण अनपेक्षितपणें उपयोगी पडतें. शब्द वाईट आहे का हें पाहूं नये, तो वाईट असतोच. वाक्यांत तो कोणत्या जागीं बसला आहे तें पाहावें.

कांहीं शिव्या निव्वळ केवलप्रयोगी अव्ययें असतात. 'अरेरे', 'छे', 'अबब' हे शब्द जसे वाक्यांतल्या कोणत्याच पदाशीं जोडलेले नसतात, तशाच त्या असतात. विमान चुकलें, पाय उंबऱ्याला लागला, तीन तास लिहिलेला मजकूर संगणकानें गिळला, कीं त्या बाहेर पडतात. त्या कोणाला दिलेल्या नसतात, म्हणून कोणीं घ्याव्याहि लागत नाहींत. भाच्यानें असा एखादा उद्गार मावशीला लिहिलेल्या ईमेलांत टाकला, तर मावशीनें विमानाचें पुढें काय झालें तें विचारावें. तेथें भाषाशुद्धीचा पाठ घेणें म्हणजे ठेंच लागलेल्या मुलाला उच्चार सुधारावयास सांगणें होय.

दुसऱ्या प्रकारच्या शिव्या विशेषणाच्या जागीं बसतात. तो अमुक अमुक बिल्डर, ही अमुक अमुक बँक. धाकट्या भावाच्या तिसऱ्या परिच्छेदांतील शिवी याच जातीची होती. येथें शिवीला उत्तर देऊं नये, विशेष्याला द्यावें. बँकेनें खरोखरच मुदतीपूर्वीं ठेव मोडतांना व्याज कापलें असेल, तर 'होय, कापलें, इतकें कापलें' असें लिहावें. विशेषणावर वाद घालणारीं माणसें पुष्कळदां विशेष्यावर एकमताचीं निघतात, आणि तें त्यांना शेवटपर्यंत कळत नाहीं.

तिसरी जात संबोधनाची. 'दादा, तूं अमुक आहेस.' ही एकच शिवी अशी आहे कीं जिला उत्तर द्यावें लागतें. आणि हीच शिवी अशीहि आहे कीं जी प्रेमानेंहि दिली जाते. कॉलेजांतले दोन जुने मित्र तीस वर्षांनीं एकमेकांस ईमेल लिहितात तेव्हां आरंभींच जो शब्द येतो, तो तिसऱ्या माणसानें वाचला तर त्याला वाटेल कीं आतां कोर्टकज्जा होणार. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनीं १९४० सालीं अशा थट्टेच्या नात्यांवर एक प्रसिद्ध लेख लिहिला. ज्या नात्यांत एकानें दुसऱ्याची टर उडवावी, अपशब्दहि वापरावा, आणि दुसऱ्यानें राग मानूं नये असा रिवाजच असतो, अशीं नातीं जगांत अनेक समाजांत आढळतात, असें त्यांनीं दाखविलें. महाराष्ट्रांत मेहुण्या-मेहुण्यांची थट्टा सर्वांच्या परिचयाची आहे. मित्राच्या शिवीची एक खूण सहज सांगतां येते. ती बहुधा नमस्काराच्या जागीं असते. भांडणांतली शिवी मुद्द्याच्या जागीं येते, मुद्दा संपल्यामुळें किंवा सुचेनासा झाल्यामुळें.

रिवाजाची शिवी म्हटली कीं सातारा जिल्ह्यांतील सुखेड आणि बोरी या गांवांची आठवण होते. हीं गांवें खंडाळा तालुक्यांत आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीं दोन्ही गांवांच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन तीरांवर जमतात, आणि वाद्यांच्या गजरांत, हातवारे करीत, एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. याला 'बोरीचा बार' म्हणतात. शहरी माणसाला तो प्रकार रानटी वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यांतली व्यवस्था पाहण्यासारखी आहे. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, मध्यें पाणी. आणि दिवस मावळला कीं बार संपला. वर्षाचे बाकीचे दिवस ओढा ओढाच असतो. ईमेलांतल्या शिवीला असा दिवस नसतो. ती मंगळवारीं सकाळीं येते, आणि बुधवारीं पुन्हां उघडून पाहिली तरी तितकीच ताजी असते.

भाषेचाहि एक मोठा घोटाळा येथें होतो, आणि शहरी मराठी घरांत तो विशेष होतो. शिकलेला तरुण मराठींत जी शिवी कधींहि देणार नाहीं, तिचा इंग्रजी भाऊबंद तो दर दहा वाक्यांत एकदां वापरतो. त्याला ती हलकी वाटते. ही निव्वळ सबब नव्हे. अनेक भाषा बोलणाऱ्या लोकांना प्रश्न विचारून जाँ-मार्क देवाल या भाषाशास्त्रज्ञांनीं २००४ सालीं असा निष्कर्ष मांडला कीं, शिव्यांचा जोर माणसाला पहिल्या भाषेंत सर्वांत अधिक जाणवतो. मागाहून शिकलेल्या भाषांत तो उणावत जातो. तुर्की ही मातृभाषा असून इंग्रजी मागाहून शिकलेल्या माणसांच्या त्वचेवरील विद्युत्‌वाहकता मोजून पाहिली, तेव्हां निषिद्ध शब्द आणि लहानपणीं खाल्लेलीं बोलणीं तुर्कींत ऐकतांना तिच्यांत अधिक फरक पडला; तींच इंग्रजींत ऐकतांना कमी. हा प्रयोग कॅथरिन हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केला. म्हणजे मुलगा इंग्रजींत शिवी लिहितो तेव्हां ती त्याच्या बोटांना टोंचत नाहीं. पण वाचणारे वडील तो शब्द शब्दकोशाच्या वजनानें तोलतात, कारण तो शब्द त्यांनीं बोलण्यांतून घेतलेला नसून छापील पानावर शिकलेला असतो. उलट, इंग्रजींत सारें लिहून जेव्हां कोणी एकाच जागीं मराठी शिवीकडे वळतो, तेव्हां वाचणारानें थांबावें. तेथें माणूस आपल्या घरच्या भाषेंत आला आहे. तेथेंच त्याला खरें लागलें आहे.

आतां उत्तराविषयीं. पहिली गोष्ट वेळेची. १८६३ च्या जुलैंत गेटिसबर्गच्या लढाईनंतर जनरल मीड यांनीं शत्रुसैन्याला पोटोमॅक नदी उतरून निसटूं दिलें, म्हणून अध्यक्ष लिंकन फार संतापले. त्यांनीं १४ जुलै रोजीं मीड यांना एक कडक पत्र लिहिलें. त्यांत शिवी नव्हती, पण सेनापतीच्या मनाला कायमचें झोंबेल एवढा मजकूर होता. तें पत्र त्यांनीं धाडलें नाहीं. तें पाठविलें नाहीं व सहीहि केली नाहीं अशी नोंद पाकिटावर करून ठेवून दिलें. लिहिण्यानें जें हलकें व्हावयाचें तें मन हलकें झालें, आणि युद्धाला सेनापति उरला. ईमेलाच्या व्यवहारांतहि असे उपाय कोणीं योजिलेच नाहींत असें नाहीं. युडोरा या नांवाची ईमेलाची एक प्रणाली पूर्वीं पुष्कळ प्रचारांत होती. तिच्या २००० सालच्या आवृत्तींत लिहिलेल्या मजकुरांतले झणझणीत शब्द हेरून त्याच्या शेजारीं तांबड्या मिरच्या काढून दाखविण्याची सोय होती. एकपासून तीनपर्यंत मिरच्या. कोल्हापुराकडच्या माणसाला तीन मिरच्यांचें भय वाटलें नसतें हें खरें, पण कल्पना चांगली होती. जीमेलांत पाठविलेला ईमेल मागें घेतां येतो, परंतु त्याची मुदत जास्तींत जास्त ३० सेकंदांची. रागाचा पारा तेवढ्यांत उतरत नाहीं. उत्तर लिहावयाचेंच असेल तर वर नांव-पत्ता न घालतां लिहावें, म्हणजे चुकून बटण दाबलें तरी तें कोठें जात नाहीं. आणि एक रात्र मध्यें जाऊं द्यावी. एक रात्र पुरते. आठवडा जाऊं दिला तर पलीकडचा माणूस मौनालाच उत्तर समजूं लागतो.

दुसरी गोष्ट, आणि सर्वांत महत्त्वाची: तो ईमेल तिसऱ्याकडे जाऊं देऊं नये. शिवीनें दोघांतलें नातें दुखावतें. पुढें पाठविलेल्या प्रतीनें तें नातें सभेपुढें येतें. भावानें भावाला लिहिलेला शब्द तो फिरवूं शकतो. तोच शब्द मामांनीं, मेहुण्यांनीं, वहिनींनीं वाचल्यावर त्याला फिरवावयाचा तर साऱ्यांपुढें फिरवावा लागतो, आणि तेवढें धैर्य फार थोड्यांत असतें. पुष्कळ कायमचीं वितुष्टें शिवीच्या दिवशीं पडलेलीं नसतात. तीं तिच्या प्रती निघाल्या त्या दिवशीं पडतात.

मग थोरल्या भावानें काय लिहावें? असें कांहींसें: 'ठेव मोडली हें खरें. तुला आधीं कळवावयास हवें होतें, तें राहून गेलें. ती चूक माझी. बँकेचा कागद आणि दवाखान्याचीं बिलें सोबत जोडलीं आहेत. चौथ्या परिच्छेदांत तूं मला जो शब्द लिहिलास तो मला फार लागला. शनिवारीं तुझ्याकडे सकाळ असेल तेव्हां मी फोन करतों.'

या उत्तरांत मुद्दा अगोदर आला आहे आणि शब्द मागाहून, कारण शब्द अगोदर घेतला कीं मुद्द्याची पाळी येत नाहीं. जेवढी चूक आपली तेवढी कबूल केली आहे, एक मासाहि अधिक नाहीं. शिवीचा उल्लेख केला आहे, पण ती पुन्हां लिहिलेली नाहीं; लिहिली असती तर ती दुसऱ्यांदां दिल्यासारखीच झाली असती. तिच्याकडे दुर्लक्षहि केलेलें नाहीं. कित्येक थोर मनाचीं माणसें अशा वेळीं शब्द जणूं पाहिलाच नाहीं असें दाखवितात. तें उदारपणाचें दिसतें, परंतु न बोललेला शब्द मनांत व्याज धरीत राहतो आणि एखाद्या मुंजींत किंवा बारशांत मुद्दलासकट बाहेर येतो. 'लागला' एवढें एकदां सांगावें, आणि पुढें जावें. पलीकडच्याचें पत्र तांबड्या शाईनें तपासूं मात्र नये. 'हे संस्कार आपल्या घरचे नव्हेत' हें वाक्य तर कधींच लिहूं नये. त्या वाक्यांत आईवडिलांना ओढलें जातें आणि भांडणाला एक पिढी वाढते.

लिहिणारा वडील आणि वाचणारा लहान असेल, तर ही रीत जशीच्या तशी चालत नाहीं. रागीट बापानें मुलाला ईमेलांत 'गाढव' किंवा त्याहून वाईट म्हटलें, तर 'तुमचा शब्द मला लागला' असें मराठी मुलगा सहसा लिहूं शकत नाहीं, आणि लिहिलें तर वडिलांना तोच उद्धटपणा वाटतो. तेथें स्वतःच्या स्थितीविषयीं लिहावें. 'बाबा, तुमचा ईमेल वाचल्यावर दिवसभर कामांत मन लागलें नाहीं.' शहाण्या बापाला एवढें पुरतें. न पुरलें तर आई आहे. मराठी घरांतले अर्धे तह तिच्याच मार्फत होतात. सून किंवा जांवई असेल तर ही वाटहि अधिक जपून चालावी लागते, आणि उत्तर स्वतः न देतां जोडीदाराकरवीं देणें बहुतेक वेळां बरें.

जेथें शिवीला भविष्यकाळाचें क्रियापद लागतें, 'बघून घेईन', 'जिवंत ठेवणार नाहीं', तेथें व्याकरणाचें काम संपतें. नुसती शिवी आणि धमकी यांत कायदाहि भेद करतो. क्षोभक संदेशांना शिक्षा सांगणारें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं रद्द केलें, आणि २०२४ च्या मार्चमध्यें त्याच न्यायालयानें शिवराळ भाषा तेवढ्यानेंच अश्लील ठरत नाहीं असें सांगितलें. परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खालीं धमकी हा गुन्हाच आहे. स्त्रीचा विनयभंग करण्याच्या हेतूनें लिहिलेल्या ईमेलांची गोष्टहि वेगळी. जुन्या दंड संहितेच्या कलम ५०९ मध्यें 'उच्चारलेला शब्द' असें होतें, म्हणून लिहिलेला ईमेल त्यांत येत नाहीं असा बचाव मुंबई उच्च न्यायालयापुढें केला गेला. २०२४ च्या ऑगस्टमध्यें न्यायालयानें तो फेटाळला. असा ईमेल ज्या स्त्रीला येईल तिनें त्याला उत्तर देऊं नये आणि तो पुसूंहि नये. जपून ठेवावा, घरांत सांगावें, आणि पोलिसांकडे जावें.

घरच्या शिवीचें मात्र उलट आहे. समेट झाल्यावर तो ईमेल दोघांनींहि पुसून टाकावा. जुन्या पत्रांना वाळवी लागे, शाई उडे, ट्रंक माळ्यावर जाई. ईमेलाला यांतलें कांहींच होत नाहीं. सहा वर्षांनीं बँकेचा एखादा कागद शोधावा म्हणून 'ठेव' हा शब्द शोधाच्या चौकटींत घालावा, आणि बरोबर तो चौथा परिच्छेद वर यावा, असें सहज होऊं शकतें.

शिवी आपल्याच हातून गेली असेल तर क्षमा अगोदर आवाजानें मागावी आणि मग एका ओळीनें लिहूनहि कळवावी. कारण शिवी लिहिलेली होती. 'तुला वाईट वाटलें असेल तर' हे शब्द त्या ओळींत नसावेत. वाईट वाटलें आहे, त्यांत 'तर' कसला? आपण तसें कां लिहिलें याचें कारणहि त्याच वाक्यांत घालूं नये. तें खरें असलें तरी तेथें तें सबबीसारखें वाजतें. दुसऱ्या दिवशीं सांगितलें तर ऐकून घेतलें जातें.

न्यू जर्सीचा भाऊ शनिवारीं फोनवर त्या शब्दाविषयीं एकदम कांहीं बोलेलच असें नाहीं. तो बहुधा विचारील, आई आतां काठी घेऊन चालते का, रात्रीची बाई नीट जागते का. थोरल्यानें तेवढ्याचें उत्तर द्यावें, आणि फोन आईच्या हातीं द्यावा.